कोठून आलो, काय करत होतो : प्रस्तावना

घराण्याची माहिती जमवायला निघालेल्या माणसाच्या हाती घरातून पहिल्यांदा काय लागते? मूळ गावाचे नाव, कुलदैवत आणि बहुधा एखादी पराक्रमाची कथा. अमुक सरदाराबरोबर देशावरून आले, तमुक लढाईत कामाला आले, म्हणून इनाम मिळाले. कथा खरीही असू शकते. पण त्या सरदाराच्या काळापासून आजोबांपर्यंतच्या पाच-सात पिढ्या रोज सकाळी उठून कोणत्या कामाला लागत होत्या, हे घरात कोणी सांगत नाही. पणजोबा स्वतःची जमीन कसत होते की दुसऱ्याची? गिरणीत होते तर साच्यावर की त्रासनात? गाव सोडले ते कोणत्या साली, आणि एकटे सोडले की बिऱ्हाडासकट? पणजी दिवसभर काय करत होती, हा प्रश्न तर कोणाला सुचतही नाही.

हे पुस्तक या प्रश्नांसाठी आहे. त्यांच्या उत्तरांचा एक मोठा साठा जुन्या शिरगणतीच्या अहवालांत पडून आहे, आणि मराठी घरांनी तो फारसा उघडलेला नाही. गॅझेटियर आपण वाचतो, बखरी वाचतो, कुलवृत्तांत छापतो. शिरगणतीचे खंड मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे म्हणून सोडून देतो. ते तसे सोडू नयेत असे मला मनापासून वाटते. ते का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे वाचकाचा पुढे हिरमोड होणार नाही. भारतातल्या जुन्या शिरगणतीत आपल्या पणजोबांचे नाव सापडत नाही. ते लिहिले गेले होते. मुंबई इलाख्यात २१ फेब्रुवारी १८७२ रोजी मोजणी झाली. पुढे १७ फेब्रुवारी १८८१ ला सबंध देशात एकाच रात्री मोजणी झाली, आणि मग दर दहा वर्षांनी होत राहिली. गावात कुलकर्णी, तलाठी किंवा शाळामास्तर घरोघर फिरत. दारावर गेरूने किंवा डांबराने क्रमांक घातला जाई. आधी एक कच्ची मोजणी होई आणि ठरलेल्या रात्री तीच यादी घेऊन, कोण जन्मले, कोण वारले, कोण पाहुणे आले हे पाहून ती पक्की केली जाई. प्रत्येक माणसाचे नाव, वय, जात, धर्म, जन्मस्थळ, भाषा, धंदा असे सगळे त्या कागदावर उतरत असे. १९०१ पासून प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी करायची आणि त्या चिठ्ठ्या खणाखणांच्या फळ्यांत वाटून मोजायच्या अशी पद्धत आली. तक्ते छापून झाले की त्या चिठ्ठ्या आणि मूळ कागद नष्ट केले जात. राहिले ते तक्ते, म्हणजे नावे गाळलेली माणसे.

इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हे ऐकून आश्चर्य वाटते. ब्रिटनमध्ये शिरगणतीचे मूळ कागद शंभर वर्षे बंद ठेवतात आणि मग उघडतात. १९२१ चे कागद तिथे जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे आणि १९५० चे कागद एप्रिल २०२२ मध्ये लोकांच्या हाती आले. तिथला माणूस घरबसल्या पणजोबांचे नाव टाकून त्यांचा पत्ता, धंदा आणि शेजारी कोण होते हे वाचू शकतो. त्यांचेही सगळे वाचलेले नाही. ब्रिटनचे १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत गेले आणि अमेरिकेचे १८९० चे बहुतेक सगळे १९२१ च्या आगीनंतर हाती लागले नाहीत. पण तिथे तो अपघात होता. आपल्याकडे काम संपले की कागद संपवायचे हीच रीत होती. त्यावर १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने असेही ठरवले की जनगणनेच्या नोंदी कोणाला पाहायला मिळणार नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. माणसाने सरकारला निर्धास्तपणे खरे सांगावे म्हणून हे कलम आहे, आणि ते योग्यच आहे. पण शंभर वर्षांनी तरी नातवंडांसाठी दार उघडावे, ही तरतूद आपण केली नाही. ती करायला हवी होती.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो फार मोलाचा आहे. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी चिठ्ठ्यांवरून प्रत्येक गावासाठी नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार करण्यात आले. त्यात घरांच्या क्रमाने माणसांची नावे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, उपजीविका अशी माहिती उतरवली गेली. आसाममुळे हे रजिस्टर सगळ्या देशाला ठाऊक झाले, पण ते केवळ आसामचे नव्हते. महाराष्ट्रात २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. तेव्हा खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक, कुळ नोंदवही यांच्या जोडीला जे कागद तपासायचे ठरले, त्यांत १९५१ चे हे रजिस्टरही होते. ज्या गावाचे ते टिकले आहे, त्या गावातल्या घराला जनगणनेतून आपल्या माणसाचे नाव मिळण्याची ही एकमेव जागा. शोधाची सुरुवात तिथून करावी आणि मग एकेक पिढी मागे जावे, हा या पुस्तकातला पहिला सल्ला आहे.

त्या शोधमोहिमेने महाराष्ट्रातल्या लाखो घरांना जुन्या कागदांपर्यंत नेले. त्याआधीही जात पडताळणीसाठी लोक नेमक्या तारखांच्या मागे लागलेले असतच. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. त्यामुळे अगदी साध्या घरातही आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४ मधला जन्ममृत्यूचा उतारा, मोडीतून करून घेतलेले लिप्यंतर असे कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असतात. हक्कासाठी हे कागद लागतात आणि ते मिळवायला लोकांनी किती हेलपाटे घातले आहेत हे मी पाहिले आहे. माझे म्हणणे इतकेच की त्या ओळीतला एक शब्द हाती आला की बाकीची ओळ वाचायची राहून जाते. शाळेच्या जनरल रजिस्टरात जातीच्या रकान्यापलीकडे जन्मस्थळ असते, पूर्वीची शाळा असते, शाळा सोडल्याची तारीख आणि कारणही असते. पूर्वीची शाळा दुसऱ्या तालुक्यातली असेल, तर कुटुंबाने गाव कधी बदलले याचा वर्षासकट पुरावा तिथे आहे. मुलगा तिसरीतून ऐन सुगीत शाळा सोडून गेला असेल, तर घरात काय घडले असावे याचा अंदाज तिथून लागतो.

नाव असलेला कागद एका हातात आणि नाव नसलेला तक्ता दुसऱ्या हातात, असे वाचले तरच शिरगणती बोलू लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. वडील रामजी लष्करात सुभेदार, म्हणून जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला. त्या वर्षीची शिरगणती २६ फेब्रुवारीला होऊन गेली होती, म्हणजे त्यांची पहिली मोजणी १९०१ ची. मधल्या काळात निवृत्त झालेले वडील मुलांना घेऊन आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे. महाराष्ट्रात तो दिवस आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. चार महिन्यांनी, १ मार्च १९०१ च्या रात्री, मोजणीदार त्या घरी आला असेल तेव्हा त्याने या नऊ वर्षांच्या मुलाच्या जन्मस्थळाच्या रकान्यात मध्य भारत लिहिले असणार. सातारा जिल्ह्याच्या तक्त्यात बाहेर जन्मलेल्यांच्या आकड्यात तो मुलगा असा मिसळून गेला. त्या आकड्यावरून रत्नागिरीचा पत्ता लागत नाही, दापोलीचा लागत नाही, लष्कराचाही लागत नाही. शाळेचे रजिस्टर, वडिलांची लष्करी नोकरी आणि शिरगणती ही तिन्ही एकत्र ठेवली की आंबडवे ते महू, महू ते दापोली, दापोली ते सातारा आणि पुढे मुंबईचे परळ अशी वाट दिसते. लष्करातल्या नोकरीने महार समाजातल्या किती कुटुंबांना अशी वाट चालायला लावली, हेही मग कळते.

जन्मस्थळाचा रकाना फसवतो तो आणखी एका कारणाने, आणि हे कारण अगदी आपल्या घरातले आहे. पहिले बाळंतपण माहेरी. कागलची सून बाळंतपणाला चिकोडीला गेली की मुलाचे जन्मस्थळ चिकोडी होते. चिकोडी बेळगाव जिल्ह्यात आणि कागल कोल्हापूर संस्थानात. मग ते मूल तक्त्यात परमुलखातून आलेले ठरते, जरी घराने पिढ्यानपिढ्या कागल सोडलेले नसले तरी. शिरगणतीच्या अधिकाऱ्यांच्याही हे लक्षात आले होते. शेजारच्या दोन जिल्ह्यांतली ये-जा तक्त्यांत मोठी दिसते, तिच्यातला बराच भाग सासर-माहेरचा असतो असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आपण मात्र स्थलांतर म्हटले की धोपटी घेऊन निघालेला पुरुष डोळ्यांपुढे आणतो. आकडे उलट सांगतात. या देशात घर सोडून दुसऱ्या गावी राहायला गेलेल्यांत सर्वांत मोठी संख्या लग्न होऊन गेलेल्या बायकांची आहे. प्रत्येक पिढीत अर्धे पूर्वज असे दुसऱ्या गावाहून आलेले असतात. मूळ गाव म्हणून आपण एकच नाव सांगतो, ते बापाच्या बाजूचे. आजीचे, पणजीचे, तिच्या आईचे गाव शोधल्याशिवाय घराच्या हालचालीचा नकाशा अर्धाच राहतो. या पुस्तकात आजोळाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे ते यासाठी.

आता मुंबईकडे येतो, कारण महाराष्ट्रातल्या किती तरी घरांची वाट तिथून जाते. मुंबई बेटावर १८६४ साली, म्हणजे देशभरच्या मोजणीच्या आधीच, शिरगणती झाली आणि ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला होता, शेअरचा बाजार पेटला होता आणि शहर माणसांनी फुगले होते. युद्ध संपले, भाव कोसळला, आणि १८७२ मध्ये माणसे निघाली ६,४४,४०५. ज्या घरात पणजोबांचे वडील मुंबईला जाऊन परत आले एवढेच सांगितले जाते, त्या घराने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १८९१ मध्ये ८,२१,७६४ आणि १९०१ मध्ये ७,७६,००६. इथे मध्ये १८९६ ची प्लेगची साथ आहे. गावाकडे पळालेली माणसे आहेत आणि न परतलेलीही आहेत. १९२१ मध्ये लोकसंख्या पावणेबारा लाखांवर गेली आणि त्यातले शंभरांतले चौऱ्याऐंशी जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. १८७२ मध्ये शंभरांतले एकतीस तरी मुंबईत जन्मलेले होते. बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा. १९२१ मध्ये दोन लाखांहून जास्त माणसे तिथे जन्मलेली होती. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला, हे लक्षात ठेवायचे.

याच काळात रत्नागिरी जिल्ह्याच्या तक्त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त दिसतात, दर मोजणीला. पुरुष मुंबईत, पलटणीत, पोलिसांत आणि गोदीत. भातशेती, गुरे, सासू-सासरे आणि पोरे बाईच्या अंगावर. मुंबईच्या आणि रत्नागिरीच्या तक्त्यांतले हे दोन आकडे एकाच घराचे दोन तुकडे आहेत.

कोकणच्या आकड्यांबाबत एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मोजणीची रात्र चांदण्याची असावी, मोजणीदारांना अंधारात हिंडावे लागू नये, असा विचार तारीख ठरवताना केला जाई. १९०१ ची १ मार्च, १९११ ची १० मार्च, १९२१ ची १८ मार्च आणि १९३१ ची २६ फेब्रुवारी या तारखा पंचांगावर ठेवून पाहा. चारही वेळा फाल्गुनाचा शुक्लपक्ष, होळीच्या चार ते सहा दिवस आधी. कोकणात शिमग्याला फाकपंचमीपासून सुरुवात होते. चाकरमानी पालखीसाठी गावाकडे निघतो तो याच दिवसांत. आगबोटीने जैतापूर किंवा विजयदुर्ग गाठून तो घरी पोहोचला असेल, तर त्या रात्री तो मुंबईत मोजला गेला नाही, गावात मोजला गेला. मुंबईतले रत्नागिरीकर तक्त्यात दिसतात त्याहून जास्त असण्याची शक्यता म्हणूनच मला मोठी वाटते.

राजापूर तालुक्यातले खोताच्या कुळाचे एक घर समजू. सात-बारावर नाव नाही, कारण जमीन त्यांची नव्हती. अशा घराला वाटते की आपला काही कागदच नसणार. पण खोती गावांचे हिशेब बोटखतात होते, आणि कोण काय कसतो, किती देतो हे तिथे सापडते. त्या घरातला मुलगा १८९८ च्या सुमारास जन्मला तर गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत मोडीत नोंद असेल. शाळेत दोन-तीन वर्षे गेला असेल तर जनरल रजिस्टर आहे. १९११ च्या शिरगणतीच्या धंद्यांच्या तक्त्यात जमिनीच्या खंडावर जगणारे, स्वतः कसणारे आणि शेतावर मजुरी करणारे असे वेगळे मोजलेले आहेत. जिल्ह्याच्या आकड्यांत त्याच्या बापासारखी किती माणसे होती ते कळते. १९२१ मध्ये मुलगा मुंबईत असेल, तर वॉर्डवार तक्ते गिरणगावात किती दाटी होती, एका खोलीत किती माणसे राहत होती हे सांगतात. गाववाल्यांच्या खोलीत आळीपाळीने झोपणाऱ्या त्या तरुणाचे नाव तिथे नसते, पण त्याची रात्र कशी गेली असेल ते कळते. त्याची बायको गावी. १९५१ च्या रजिस्टरात तिचे नाव नवऱ्याच्या नावासकट सापडण्याची शक्यता आहे, कारण ती गावातच राहिली. गाव सोडून गेलेल्याचा माग असा पुष्कळदा मागे राहिलेल्या बाईच्या नोंदीतून लागतो.

धंद्याच्या रकान्याबद्दल जास्त सावध राहावे लागते. १९११ मध्ये बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाची पद्धत आपल्याकडे आली आणि सगळे धंदे १६९ गटांत बसवले गेले. त्याआधीचे गट वेगळे होते. म्हणून १८९१ चे विणकर आणि १९११ चे विणकर यांची थेट वजाबाकी करता येत नाही. शिवाय मोजणीदार गावातलाच. त्याला सुताराचे घर ठाऊक असे, त्यामुळे सुतार असे लिहून तो पुढे जाई, मग घरातली माणसे वासे तासत असोत की दुसऱ्याच्या शेतात राबत असोत. अहवालांच्या लेखकांनी यावर वारंवार तक्रार केली आहे. तरीही ज्या तक्त्यांत जातवार धंदे दिले आहेत, तो भाग मी सगळ्यांत मौल्यवान मानतो. एखाद्या जातीतले किती लोक परंपरेचा म्हणून सांगितला जाणारा धंदा करत होते आणि किती शेती, मजुरी, नोकरी, व्यापार करत होते, हे तिथे आकड्यांत आहे. जात सांगितली की धंदा कळला, असे आपण आजही गृहीत धरतो. शंभर वर्षांपूर्वीच ते खरे राहिले नव्हते. महात्मा फुल्यांच्या घराचेच पाहा. मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. पुण्यात येऊन फुलांचा धंदा धरला आणि घराचे नावच फुले झाले. दोन पिढ्यांत गाव, काम आणि आडनाव तिन्ही बदलली.

बायकांच्या कामाचे आकडे सर्वांत डळमळीत आहेत. घरच्या शेतात राबणारी बाई एका वर्षी कामकरी म्हणून मोजली गेली, दुसऱ्या वर्षी अवलंबून असलेली म्हणून. सूचना बदलल्या, मोजणीदाराची समजूत बदलली, आणि लाखो बायकांचे काम तक्त्यात आले-गेले. हे आकडे वाचताना बाई काम सोडून बसली असा अर्थ काढू नये. तिच्या कामाची नोंद घेणाऱ्याने ते काम मानले की नाही, एवढेच त्यावरून कळते.

आकड्यांना माणसांचे तपशील जोडणारे अभ्यासही आपल्याकडे झाले आहेत, आणि या पुस्तकात त्यांचा आधार पुष्कळ घेतला आहे. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. शेतीवर भागत नाही म्हणून गावातली माणसे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात जात होती, हे त्यात घरागणिक दिसते. आज तिथे उंच इमारती आहेत आणि त्यांत राहणाऱ्यांना हे गाव होते हेही ठाऊक नसते. जुन्या घरांतल्या मुलांनी तरी ते पुस्तक वाचावे. धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ मध्ये पुणे शहराची जी पाहणी केली, तिच्याच परंपरेत एन. व्ही. सोवनी आणि कुसुम प्रधान यांनी १९५५ मध्ये आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्यांच्या धंद्यांवर लिहिले. शिरगणतीला जे जमले नाही, म्हणजे एकाच घराचा धागा पिढ्यांमधून नेणे, ते या कामाने केले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात शिरगणतीचे जुने खंडही पाहायला मिळतात. जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावरही आता जुने अहवाल वाचता येतात.

मराठी मुलूख तेव्हा एका अंमलाखाली नव्हता, त्यामुळे कोणते कागद पाहायचे हे गावावर अवलंबून आहे. नागपूरकडच्या मध्य प्रांतात १८६६ मध्ये आणि वऱ्हाडात १८६७ मध्येच मोजणी झाली होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात, तिथली पहिली शिरगणती १८८१ ची, आणि तिथले महसुली कागद उर्दूत. गोव्यात पोर्तुगीजांची मोजणी वेगळी. तिथे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि पणजीचे दफ्तर यांना जास्त महत्त्व. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचा शोध तर उलट सोपा आहे. तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत बोटीतून उतरलेल्या माणसांची रजिस्टरे आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, गाव, वय, अंगावरच्या खुणा आहेत, आणि पुढच्या काळातल्या कित्येकांची छायाचित्रेही आहेत. रत्नागिरीतल्या आपल्या गावचा माणूस तिथे नावानिशी सापडतो, इथे सापडत नाही.

पारधी, कैकाडी, भामटे, वडार अशा समाजांतल्या वाचकांसाठी एक प्रकरण वेगळे लिहिले आहे, आणि ते लिहिणे सर्वांत जड गेले. भटक्या टोळ्या मोजणीच्या रात्री जिथे उतरल्या असतील तिथे मोजल्या गेल्या. त्यामुळे गाव, जन्मस्थळ हे रकाने त्यांच्याबाबतीत फार थोडे सांगतात. पण गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांची हजेरी पोलिसांनी लिहून ठेवली. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाआड तीन पिढ्या वाढल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. या घरांतल्या मुलाला आजोबांचे नाव, वय, ठिकाण यांची नेमकी नोंद हवी असेल, तर ती बहुतेक वेळा पोलिसांच्याच वहीत मिळते. ती वही वाचताना लक्षात ठेवावे की लिहिणाऱ्याने आरोप आधी ठरवला होता. गुन्ह्याचा शेरा बाजूला ठेवून नाव, वय, नाते आणि ठिकाण तेवढे उचलावे. ते त्या माणसाचे आहे आणि त्याच्या नातवंडांचे आहे.

कुलवृत्तांतांबद्दलही दोन शब्द. गेल्या शतकात मराठीत घराण्यांचे इतिहास मेहनतीने लिहिले गेले, आणि त्यांतली शिस्त घेण्यासारखी आहे. पण ज्यांच्याकडे जमीन, लेखणी आणि फुरसत होती त्यांचीच घराणी त्यांत आली. शेतमजुराचे, गिरणीतल्या बदली कामगाराचे, मोलकरणीचे घराणे कोणी छापले नाही. शिरगणतीने मात्र खोत आणि कूळ, सावकार आणि कर्जदार यांना एकाच रात्री, एकाच कागदावर मोजले. नाव गाळले, पण गणनेतून गाळले नाही. ज्यांचा कुलवृत्तांत नाही त्यांनी हे खंड आपले समजावेत.

१ मार्च २०२७ ही पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख ठरली आहे. १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात मोजली जाणार आहे, माहिती मोबाइलवर भरली जाणार आहे आणि घरच्यांना स्वतः माहिती भरण्याचीही सोय आहे. सांगितलेली माहिती गुप्त राहील, म्हणजे आपल्या नातवंडांनाही ती मिळणार नाही. म्हणून मोजणीदाराला जे सांगाल ते त्याच दिवशी घरच्या वहीतही उतरवून ठेवा, तारीख घालून. घरातल्या प्रत्येकाचे जन्मगाव, आधीचे राहण्याचे ठिकाण, गाव सोडल्याचे वर्ष आणि कारण. आजीचे माहेर आणि तिच्या आईचेही. धंद्याच्या रकान्यात बाईपुढे घरकाम लिहून थांबू नका. ती शिवण करते, डबे देते, मोसमात आंबे भरायला जाते, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, तर तेही लिहा, आणि त्याचे किती मिळतात तेही.